बंगल्याच्या व्हरांड्यातलं इंग्रजी भाषण

चांद्याच्या हायस्कुलात माझं नाव घातलं तेव्हा मला मराठी येत होतं, पण ते बाजारापुरतं. घरी आम्ही गोंडीत बोलायचो. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाच्या आत, थोड्याशा घरांचं आणि सगळं एकाच कुळाचं. माझा बाप गावचा भुमक, म्हणजे आमच्या कुळाच्या पेनाची पूजा करणारा. पेन म्हणजे देव. तो गावाबाहेरच्या एका जुन्या ऐनाच्या झाडात राहतो, असं आम्ही मानायचो. मानायचो म्हणजे काय, राहायचाच. पेरणीआधी, नवं धान्य खाण्याआधी, लग्नाआधी त्याला विचारल्याशिवाय आमच्यात काही होत नसे.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आदिवासी मुलांसाठी चांद्यात नुकतंच एक वसतिगृह निघालं होतं, आणि पोंभुर्ण्याच्या शाळेतल्या गुरुजींनी बापाच्या मागे लागून मला तिथे पाठवलं. वसतिगृहाचे गृहपाल आणि हायस्कुलातले इंग्रजी-इतिहासाचे शिक्षक एकच होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. अंगानं काटकुळे, खादीचा सदरा, तोंडात कायम लवंग. बेचाळीसमध्ये जेलात जाऊन आले होते. त्यांनी मला जे शिकवलं ते मी कुणाकडूनच शिकलो नसतो, हे आधी सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यानं ते पुसलं जात नाही, पण गोडही होत नाही.

संध्याकाळची प्रार्थना झाली की सर आम्हाला धर्मपाठ सांगायचे. ईश्वर सर्वत्र आहे. आत्मा मरत नाही. ज्याचं त्याचं कर्म ज्याला त्याला भोगावं लागतं. आम्ही मांडी घालून ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचो. एकदा त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुझा देव कोणता? माझी पाळी आली तेव्हा मी ऐनाच्या झाडाचं सांगितलं. पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "तो महादेवच रे. तुम्ही लोक त्याला विसरलात आणि झाड धरून बसलात. तुम्हीसुद्धा हिंदूच. फक्त मागे राहिलेले."

त्या वयात मला ते आवडलं. तू आमच्यातलाच आहेस असं शहरातलं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी बापाला सुटीत तसं सांगितलंही. तो विडी ओढत होता. म्हणाला, "मंग त्याईच्या घरी जेवाले बलावते का तुले?" आमचं बोलणं अर्थात गोंडीत व्हायचं, इथे मी ते आमच्या भागातल्या मराठीत देतो.  सरांच्या खोलीत आम्ही रोज जायचो, पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी पाय टाकला नव्हता.

इतिहासाच्या तासाला सर फळ्यावर अमेरिकेचा नकाशा काढायचे. हात असा सफाईदार की खडू एकदाही उचलावा लागत नसे. पूर्वेच्या किनाऱ्यावर ते लाल खडूनं एक रेघ मारायचे आणि म्हणायचे, ही वसाहतीची हद्द. मग पुसायचे, थोडी पश्चिमेला मारायचे. पुन्हा पुसायचे, आणखी पश्चिमेला. पुस्तकात लिहिलं होतं की पलीकडचा मुलूख ओसाड होता आणि धाडसी कुटुंबं छपराच्या गाड्यांत बिऱ्हाड घालून तिकडे निघाली. नद्या उतरल्या, जंगलं तोडली, शेतं केली. मूळच्या लोकांबद्दल एक परिच्छेद होता. ते शिकारीवर जगत, झाडाझुडपांना देव मानत, आणि प्रगतीच्या वाटेवर मागे पडले.

त्यांना इंडियन म्हणतात हे कळल्यावर वर्गाला कोण आनंद झाला. त्या दिवसापासून मी रेड इंडियन झालो. मधल्या सुटीत तोंडावर पंजा आपटत पोरं माझ्याभोवती ओरडायची. मला त्याचा राग आला, पण खरं सांगायचं तर मी मनानं त्या इंडियन लोकांच्या बाजूचा नव्हतोच. तो धडा ऐकताना मी छपराच्या गाडीत बसलेला असायचो. बैल माझे होते, पुढचा मुलूख माझा होता. पुस्तकच तसं लिहिलेलं होतं. वाचणाऱ्याला बसायला दुसरी जागाच ठेवली नव्हती.

माझा आवाज मोठा होता. जंगलात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक घालायची सवय. दहावीत सरांच्या ते लक्षात आलं. शहरातल्या सगळ्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा व्हायची. त्यात इंग्रजी भाषण पाठ करून म्हणायचा एक विभाग होता. सरांनी माझ्यासाठी युद्धाच्या काळातलं एक भाषण निवडलं, इंग्लंडच्या पंतप्रधानाचं. शत्रू दाराशी आला आहे, आपण एकटे पडलो आहोत, तरी ही भूमी आपण सोडणार नाही, असा त्याचा मतलब.

"माणूस आपला वैरी," सर म्हणायचे. "त्याच्याच सरकारनं मला जेलात टाकलं होतं. पण भाषा बघ. हरत असताना असं बोलणं सोपं नाही."

दोन महिने आम्ही ते भाषण घोटलं. शब्द न् शब्द सरांनी माझ्या तोंडात बसवला. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे नुसतं समोर बघायचं. "घशातून नको, पोटातून काढ," म्हणायचे. अर्थही समजावून सांगायचे, पण इतका की माझं चित्त ढळू नये. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी स्वतःचा कोट मला घातला. बाह्या लांब होत्या, त्यांनी त्या आतून दुमडून टाचण्या लावल्या.

मी पहिला आलो. प्रमुख पाहुणे जंगल खात्याचे मोठे साहेब होते, पुण्याकडचे. बक्षीस देताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला म्हणाले, "आमच्या जंगलात नुसतं सागवान नाही, असे हिरेही आहेत." टाळ्या पडल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्टेजवरून पाहिलं. बक्षिसाला इंग्रजी शब्दकोश होता. मी तो पिशवीत घालून उन्हाळ्याच्या सुटीत गावी नेला आणि सगळ्यांना दाखवला. बायकांनी हात पुसून त्याची पानं उलटली.

गावात त्या वर्षी कुणाचं कशात लक्ष नव्हतं. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली होती, तिच्याबरोबर आमचं जंगलही सरकारजमा झालं होतं, आणि आता हद्द नव्यानं आखली जात होती. जंगलाच्या कडेकडेनं दगडी मुनारे उभे राहत होते. पांढऱ्या चुन्यात रंगवलेले, त्यांच्यावर काळे आकडे. आमचं गाव त्या मुनाऱ्यांच्या आत आलं. जंगल खात्याचा नाकेदार येऊन सांगून गेला की जंगल राखीव झालं, आता इथे वस्ती राहणार नाही. धान कापून झाला की गाव सडकेजवळच्या माळावर न्यायचं.

"आणि पेनठाणा?" बापानं विचारलं. पेनठाणा म्हणजे ते ऐनाचं झाड आणि त्याखालची जागा.

"झाड कसं नेता येईल भाऊ?" नाकेदार म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर हुकूम होता, आमच्या डोक्यावर तो होता.

मे महिन्यात, विडीसाठी तेंदूपत्ता गोळा करायचे दिवस होते, कळलं की मोठे साहेब दौऱ्यावर येताहेत आणि आमच्याकडच्या फारेस्ट बंगल्यात मुक्काम करणार आहेत. साहेब कोणते, हे विचारल्यावर मला कळलं की बक्षीस देणारे तेच. मी बापाला म्हटलं, ते मला ओळखतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. रात्रभर हीच गोष्ट घरोघर फिरली. सकाळी बाप म्हणाला, "मंग तूच बोल. आमी बोललो त नाकेदाराच्या पुढे जात नाई. तुले बोलता येते."

गावातली बहुतेक माणसं निघाली. बायकाही होत्या. बापानं धोतर धुऊन घातलं होतं. वाटेत तो ऐनाच्या झाडाशी थांबला, हात लावला आणि पुढे झाला. मी मनात वाक्यं जुळवत होतो. सरांनी शिकवल्याप्रमाणे आधी सौम्य, मग चढत जाणारी.

बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकलेल्या होत्या. साहेब होते, त्यांच्या बाई होत्या, आणि नागपूरहून शिकारीला आलेले दोन पाहुणे होते. आमची माणसं खाली अंगणात उकिडवी बसली. मी पायऱ्यांशी उभा राहिलो आणि नमस्कार केला.

मी मराठीत बोललो. गाव किती जुनं ते सांगितलं. बोड्या, म्हणजे पाण्याची तळी, आम्ही खोदल्या, धानाच्या बांध्या आमच्या आज्या-पणज्यांनी घातल्या, हे सांगितलं. माळावर मुरूम आहे, तिथे धान होत नाही, हेही सांगितलं. झाडाचं सांगायला सुरुवात केली तेव्हा साहेब पुढे वाकून माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, पोचतंय.

"अरे, तू तोच ना?" ते म्हणाले. "टाउन हॉलमधला? ते इंग्रजी भाषण केलंस तो?"

"हो साहेब."

ते पाहुण्यांकडे वळले. "तुमचा विश्वास बसणार नाही. हा या जंगलातला मुलगा आहे, आणि याचं इंग्रजी ऐका." मग मला म्हणाले, "येतं ना अजून पाठ? म्हण बघू."

"साहेब, आमच्या गावाचं—"

"ते बघू ना. आधी म्हण तर खरं."

मी बापाकडे पाहिलं. त्याला एवढंच दिसत होतं की साहेब माझ्याशी हसून बोलताहेत. त्यानं मान हलवली, बोल म्हणून.

मी म्हटलं. टाचण्या लावलेला कोट नव्हता, पायात चप्पल नव्हती, पण आवाज तोच होता. पहिल्या दोन वाक्यांनंतर मला त्या भाषणाचा अर्थ असा कळायला लागला जसा चांद्यात कधीच कळला नव्हता. भूमी म्हटलं की मला बोडीच्या पाळीवरची भूमी दिसत होती. शत्रू म्हटलं की समोर वेताच्या खुर्च्या होत्या. जिथे सरांनी आवाज खाली आणायला शिकवलं होतं तिथे मी आणला नाही. मला वाटलं, आता तरी यांना कळेल मी काय म्हणतोय. इंग्रजी यांना येतं. माझ्या मराठीपेक्षा हे बरं समजेल.

 संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "मार्व्हलस." बाईंनी आतून बिस्किटं मागवली. आणि खाली अंगणात आमची माणसं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं होतं, मी त्यांचीच बाजू साहेबांच्या भाषेत मांडली, आणि साहेबांना ती पटली. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावत होती.

साहेब आता प्रसन्न होते. त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. "हे बघ, तू शिकलेला आहेस, तुला कळेल. जंगल राष्ट्राची संपत्ती आहे. मूठभर लोकांसाठी ते मोकळं सोडता येत नाही. माळावर सडक आहे, उद्या शाळा होईल, तुमचाच फायदा आहे."

"आणि आमचा देव, साहेब? तो झाडात आहे."

"अरे, देव काय एका झाडात असतो? आपल्या धर्मात काय सांगितलंय? ईश्वर सर्वत्र आहे. माळावरही आहे. झाडाला काय चिकटून बसायचं?"

हे वाक्य मी शंभरदा म्हणून दाखवलं होतं. प्रार्थनेनंतर, मांडी घालून. 

उठताना ते म्हणाले, "अर्ज करायचा असेल तर या आठवड्यात करा. पुढच्या आठवड्यापासून मी रजेवर आहे. कोकणात कुलदैवताला जायचंय, दरवर्षी जावंच लागतं."

"नाही गेलं तर चालतच नाही," बाई म्हणाल्या. "एक वर्ष चुकलं तर यांच्या आईंना पक्षाघात झाला."

मी पायऱ्या उतरलो. बाप पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "झालं ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग साहेबानं टाळ्या काऊन वाजवल्या?"

"माह्या आवाजाले."

त्याला कळेना. मग मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं की मी जे बोललो ते आमचं नव्हतं. ते दुसऱ्या कुठल्या देशाच्या राजाच्या प्रधानाचं होतं, त्याच्या लोकांसाठी. कुणी रागावलं नाही. म्हातारीनं पदर खाली घेतला. वर आमच्यासाठी चहा ठेवला होता तो शिपायानं आणून दिला, आणि आमची माणसं तो प्यायली, कारण लांब चालत जायचं होतं. मी प्यायलो नाही.

 दोन-तीन दिवसांनी तेंदूपत्ता गोळा करताना बाप म्हणाला, "शीक तू. शिकणं सोडू नोको. पण आता आमच्यासाठी बोलाले जाऊ नोको."

जुलैत मी चांद्याला परत गेलो आणि सरांना सगळं सांगितलं. ते कॉटवर बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "उच्चार बरोबर झाले ना सगळे?"

त्यांना दुसरं काय बोलावं ते सुचलं नसेल. मी आज असं समजतो. तेव्हा तसं समजलो नाही. मग ते म्हणाले, "वाईट झालं. पण देश बांधायचा तर कुणाला तरी झळ लागणारच." त्यांनी देशासाठी जेल भोगला होता, म्हणून त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे असं त्यांना वाटत होतं.

नागपूरच्या स्पर्धेसाठी त्यांनी मला पुन्हा तेच भाषण घ्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मग चिडले, मग कृतघ्न म्हणाले. दुसऱ्या एका मुलाला तयार केलं. तो तिसरा आला आणि सर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

मॅट्रिकच्या उजळणीत अमेरिका पुन्हा आली. फळ्यावर नकाशा, लाल रेघ, पुसणं, पुन्हा रेघ. मी उभा राहून विचारलं, "सर, त्या लोकांच्या देवांचं काय झालं?"

वर्गात कुणीतरी खिदळलं. सरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.  मग म्हणाले, "ते पुस्तकात नाही. परीक्षेत प्रश्न आला तर पुस्तकात आहे तेवढंच लिही." प्रश्न आला. मी पुस्तकात होतं तेवढंच लिहिलं आणि चांगल्या गुणांनी पास झालो.

गाव त्याच्या आधीच, दिवाळीनंतर, हललं होतं. मी सुटी काढून गेलो होतो. घरांच्या सागवानी मयाली, म्हणजे आडव्या तुळया, आणि खांब नेऊ दिले नाहीत, सागवान सरकारी म्हणून. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, नेता आले, ते अर्धे वाटेत फुटले. माळावर बांबूच्या ताट्यांची घरं झाली. मुरमात धान झाला नाही, तेव्हा माणसं जंगल कटाईच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ लागली. बापही गेला. ज्या जंगलात राहायची बंदी होती तिथे कुऱ्हाड घेऊन जायला बंदी नव्हती.

पेनाच्या पूजेला वर्षातून एकदा आत जाऊ द्यायचे. नाकेदाराच्या परवान्यावर पूजा हे कारण छापलेलं नव्हतं, म्हणून तो सरपणाचा परवाना फाडायचा आणि येताना प्रत्येकानं डोक्यावर एक मोळी आणायची, म्हणजे त्याच्यावर बालंट येत नसे. देवाला जाऊन आलेली माणसं लाकडं घेऊन परतायची.

मी गडचिरोलीकडे प्राथमिक शाळेत मास्तर झालो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्या जुन्या गावाच्या जंगलात कूप पडला, म्हणजे एका पट्ट्यातली झाडं खुणा करून तोडायला काढली. खूण केलेल्या झाडांत ते ऐनही होतं. मुकादमानं बापाला तिकडे पाठवलं. बापानं कुऱ्हाड खाली ठेवली, झाडाला टांगलेल्या पेनाच्या लोखंडी साखळ्या आणि घुंगरं धोतराच्या सोग्यात बांधून घेतली आणि चालत घरी आला. झाड दुसऱ्या टोळीनं पाडलं. बालाघाटकडची माणसं होती, त्यांना काही माहीत नव्हतं.

त्या सुटीत मी घरी गेलो तर आढ्याला एक बांबूची टोपली टांगलेली होती, तिच्यात त्या साखळ्या आणि घुंगरं. मी म्हटलं, दुसरं ऐनाचं झाड बघू, तिथे ठेवू. सडकेच्या पलीकडे एक आहे.

"आपण झाड पाहत नाई," बाप म्हणाला. "पेन पाहते. मंग सांगते."

तो बरीच वर्षं वाट बघत राहिला. दर पूजेला विचारायचा, कान देऊन बसायचा, आणि उठून हात धुवायचा. तो गेल्यावर टोपली माझ्या मोठ्या भावाकडे आली. ती अजून आढ्यालाच आहे.